केरसुणी कोणाच्या हातीं?

(महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलावयाचें म्हणजे विषय भारदस्त असावा, अशी साधारण अपेक्षा असते. माझा आजचा विषय मात्र केर, भांडीं आणि ओला पंचा हा आहे. नवराबायकोंनीं घरकाम कसें वाटून घ्यावें, आणि स्वच्छतेविषयीं दोघांच्या कल्पना जुळत नसतील तर काय करावें, एवढाच प्रश्न मीं हातीं घेतला आहे. विषय क्षुल्लक वाटला तर आपण मनाशीं थोडा विचार करून पाहावा. आजारपणांत, कर्जांत, अवर्षणांत आपल्या बहुतेक घरांतलीं माणसें एकमेकांस घट्ट धरून राहतात. आणि तींच माणसें न घासलेल्या तव्यावरून दोन-दोन दिवस अबोला धरतात. ज्या गोष्टीनें मन रोज थोडेंथोडें दुखावतें, तिला लहान म्हणतां येत नाहीं.

शिराळ्याकडील एखादें घर डोळ्यांसमोर आणा. तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ आणि अति पावसाचा. वारणेच्या आणि मोरणेच्या खोऱ्यांत भातशेती चालते आणि पावसाळ्याचे चार महिने चिखल उंबऱ्यापर्यंत येऊन बसतो. समजा, अशा एका घरांतील नवरा शाळामास्तर आहे आणि बायको दिवसभर भांगलणीला जाऊन दिवेलागणीला परतते. नवरा मनाचा वाईट नाहीं. ती दमून येईल म्हणून त्यानें घर झाडून ठेवलें आहे. ती येते, पाय धुते, कोपऱ्याकडे एकदां पाहते आणि मुकाट्यानें पुन्हां केरसुणी उचलते.

"अगं, आतांच झाडलें मीं."

"अहो, मधलें झाडलें. कोपरे तसेच राहिले कीं."

"मग उद्यांपासून तुझें तूंच झाड."

भांडण एवढेंच. पण त्यांत दोघांचाहि अपमान झाला आहे. त्याला वाटतें, आपण मनापासून केलेलें काम तिनें मातींत घातलें. तिला वाटतें, काम करून घ्यावयाचें तर शिकवावयाचेंहि आपणच, तपासावयाचेंहि आपणच, आणि वर रागहि आपणच सोसावयाचा. दुसऱ्या दिवसापासून केरसुणी पुन्हां तिच्याच हातीं येते. अशा रीतीनें कोणी दुष्ट नसतांहि ओझें एकाच अंगावर पडत जातें.

तें ओझें किती, याची मोजदाद झालेली आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर लोकांचे चोवीस तास कसे जातात याची पाहणी केली. रोज बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण शंभरांत सुमारें ८१ आढळलें, आणि पुरुषांचें सुमारें २६. जीं माणसें घरकाम करतात त्यांपैकीं स्त्रीचीं सरासरी २९९ मिनिटें, म्हणजे जवळजवळ पांच तास, त्यांत जातात. पुरुषाचीं ९७ मिनिटें. २०२४ सालीं पुन्हां पाहणी झाली, तेव्हां हे आंकडे २८९ आणि ८८ असे आले. स्त्रीचें ओझें दहा मिनिटांनीं उतरलें खरें. परंतु तें पुरुषाच्या खांद्यावर आलें असें दिसत नाहीं, कारण त्याचींहि नऊ मिनिटें कमीच झालीं. ५ जानेवारी २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रस्त्यावरील अपघातांत मरण पावलेल्या एका दांपत्याच्या वारसांच्या भरपाईचा निकाल दिला. त्या निकालांत २०१९ च्या पाहणीचाच दाखला घेऊन, घर सांभाळणारी स्त्री कांहीं काम करीत नाहीं ही समजूत टाकून दिली पाहिजे, असें न्यायमूर्तींनीं स्पष्ट केलें. न्यायालयास जें दिसलें तें आपल्या घरांत तरी दिसावें.

आतां असें विचारतात, कीं बायकांची स्वच्छतेची कल्पना इतकी कडक कां? कोपऱ्यांतील चिमूटभर केर पुरुषाच्या डोळ्यांस दिसत नाहीं आणि तिच्या डोळ्यांस खुपतो, तो कां? कित्येक जण हें बायकांच्या स्वभावावर ढकलतात. मला तें पटत नाहीं. कारण दुसरेंच आहे. नागपंचमीमुळें ज्या गांवाचें नांव देशभर गेलें त्या शिराळ्यांत सणाआधीं घरोघर झाडलोट आणि सारवण चालतें. पाहुणे येतात. एखादें घर अस्वच्छ दिसलें तर पाहुणी परत जातांना काय म्हणते? "बाई आळशी दिसते." "बुवा आळशी दिसतो," असें कोणी कधीं म्हटल्याचें आपण ऐकलें आहे काय? घर दोघांचें असलें तरी त्याच्या अस्वच्छतेची बदनामी एकटीच्या नांवावर लिहिली जाते. मग तिचे डोळे कोपऱ्याकडे जाणारच. सासू, नणंद, शेजारीण यांच्या जिभेनें तिचे डोळे तयार केलेले असतात. पुरुषास तें भय कधीं वाटलेंच नाहीं, म्हणून त्यास केर दिसत नाहीं. तेव्हां "तुझें हें वेड आहे" असें म्हणण्यापूर्वीं नवऱ्यानें एवढें करावें, कीं पुढच्या वेळीं पाहुण्यांदेखत "आज झाडण्याची पाळी माझी होती" असें सांगून तो दोष आपल्या अंगावर घ्यावा. असें चार वेळां घडलें तर त्याच्याहि डोळ्यांस कोपरे दिसूं लागतील.

पुरुषास हें काम येत नाहीं, हें म्हणणेंहि टिकणारें नाहीं. शिराळा, पाटण या बाजूंनीं कित्येक पिढ्या पुरुष मुंबईस गिरणींत, गोदींत आणि पुढें माथाडी कामावर गेले. एकेका लहान खोलींत कितीतरी जण पाळीपाळीनें राहिले. आपल्या धर्माच्या गोवेकर बांधवांनीं धोबीतलावाच्या आसपास गांवागांवाचे 'कूड' काढले. तेथें संध्याकाळची रोझरी नेमानें होई आणि राहण्याचे नियमहि ठरलेले असत. या ठिकाणीं बायको नव्हती म्हणून अंथरूण पसरलेलेंच राहिलें, असें झालें नाहीं. तेच हात गांवीं आले कीं पाण्याचा तांब्या मागूं लागत. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. या कामगारांस जेवूं घालणाऱ्या खानावळवाल्या बायांनीं १९७५ सालीं प्रेमा पुरव यांच्या पुढाकारानें अन्नपूर्णा महिला मंडळ उभें केलें. घरच्या चुलीवर थापलेल्या ज्या भाकरीचा कोणीं हिशोब ठेवला नव्हता, तीच भाकरी खानावळींत महिन्याच्या हिशोबांत आली. काम तेंच, घरांत त्यास किंमत नव्हती.

महाराष्ट्रांत पुरुषानें झाडू हातीं घेणें कमीपणाचें मानलें गेलें, असेंहि नाहीं. गाडगेमहाराज (१८७६–१९५६) गांवांत शिरले कीं आधीं खराट्यानें गांव झाडीत आणि मग रात्रीं कीर्तनास उभे राहत. सेनापति बापट (१८८०–१९६७) यांनीं पारनेरचे रस्ते झाडले. २०००-०१ सालीं राज्य सरकारनें गाडगेबाबांच्याच नांवानें ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलें, तेव्हां गांवोगांवचे पुरुष खराटे घेऊन बाहेर पडले. ही गोष्ट अभिमानाचीच आहे. परंतु चावडीसमोर झाडणाऱ्यास गांव पाहतें आणि वाखाणतें. न्हाणीघर घासणाऱ्यास कोणी पाहत नाहीं. जेथें कोणी पाहत नाहीं तेथेंहि तोच हात चालला पाहिजे, एवढेंच माझें मागणें आहे.

आतां दुसऱ्या टोकाचें उदाहरण घेऊं. कधीं कधीं स्वच्छतेचा कडक नियम नवऱ्याचाच असतो. गांधीजींनीं आपल्या आत्मचरित्रांत १८९८ सालचा एक प्रसंग कांहीं न लपवितां सांगितला आहे. दक्षिण आफ्रिकेंत डरबन येथील त्यांचें घर पाश्चात्य धर्तीचें होतें. खोल्यांतून सांडपाणी बाहेर जाण्याची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक खोलींत मूत्रपात्र ठेवलेलें असे. त्यांच्या कचेरीचे कांहीं कारकून घरींच राहत. जे रुळले होते ते आपापलें पात्र स्वतः धूत. परंतु नव्यानें आलेला एक कारकून अस्पृश्य मानलेल्या आईबापांच्या पोटीं जन्मलेला ख्रिस्ती होता, आणि त्याचें पात्र काढण्याचें काम यजमान पतिपत्नींकडे आलें. कस्तुरबांना तें सोसेना. पतीनें तें करावें, हेंहि सोसेना. डोळे लाल झालेले, गालांवर आंसवें, अशा स्थितींत त्या पात्र घेऊन जिना उतरल्या. गांधीजींना तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. हें काम आनंदानें झालें पाहिजे, असा त्यांचा हट्ट. ते ओरडले. बाईंनींहि, तुमचें घर तुम्हीच ठेवा आणि मला जाऊं द्या, अशा अर्थाचें उत्तर दिलें. तेव्हां त्यांनीं पत्नीचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढीत नेलें. या परक्या मुलुखांत मी जाऊं कोठें, असें तिनें विचारलें तेव्हां ते शरमले आणि त्यांनीं फाटक लावून घेतलें.

या प्रसंगाचा न्याय सावधपणें केला पाहिजे. जन्मावरून माणसास विटाळ मानूं नये, ही गांधीजींची बाजू सर्वथा खरी होती. तसल्या विटाळाचे घाव आपल्यांतील कित्येक कुटुंबांनीं पिढ्यान्पिढ्या सोसले आहेत, तेव्हां त्यांत सवलत देण्यास मी तयार नाहीं. तरीहि पतीची चूक उघड आहे. नियम ठरवितांना पत्नीस कोणीं विचारलें नव्हतें. तिनें रडत कां होईना, काम केलें होतें. पण तिचा चेहराहि आपल्या मनासारखा असावा, असा हक्क त्यांनीं सांगितला. आपणांपैकीं कोणी इतकें मोठें तत्त्व घेऊन भांडत नाहीं. आपण तव्यावरून भांडतों. परंतु "करतेस तर नीट तोंडानें कर" हें वाक्य आपल्या घरांत किती वेळां उमटतें, याचा ज्यानें त्यानें विचार करावा. आणि तें वाक्य बायको नवऱ्यास म्हणते तेव्हांहि तें तितकेंच अन्यायाचें असतें.

मग कोणाचा नियम मानावयाचा? माझ्या मतें प्रथम स्वच्छतेचे तीन भाग पाडावे. पहिला भाग आरोग्याचा. पिण्याचें पाणी झांकणें, जेवणापूर्वीं साबणानें हात धुणें, संडास साफ ठेवणें, उष्टें-खरकटें रात्रभर न ठेवणें. यांत आवडीनिवडीचा प्रश्नच नाहीं. हें दोघांवरहि बंधनकारक आहे. येथें डोळ्यांवर फार विश्वास ठेवूं नये. डेंग्यूचा डास स्वच्छ, सांचलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. फळीवर धूळ असलेलें पण रांजण आठवड्यास कोरडा करणारें घर, लखलखीत पितळी हंड्यांत जुनें पाणी सांठविणाऱ्या घरापेक्षां खरोखर स्वच्छ असतें. दुसरा भाग सोयीचा. किल्ल्या, औषधें, मुलांचीं पुस्तकें जागच्या जागीं असलीं कीं सर्वांचा वेळ वांचतो. येथें बोलून ठरवावें. तिसरा भाग शोभेचा. चादरीची घडी, डब्यांची रांग, भांड्यांची उतरंड. येथें ज्याची हौस त्याचे कष्ट, असा नियम असावा. ज्यास उतरंड आरशासारखी हवी त्यानें ती स्वतः घासावी आणि दुसऱ्यास आळशी म्हणूं नये. आपल्या भांडणांपैकीं पुष्कळशीं या तिसऱ्या भागांतलीं असतात आणि आपण तीं पहिल्या भागांतलीं म्हणून लढवितों.

शोभेचा हा भाग आपोआप वाढत जातो, हेंहि ध्यानांत असावें. रुथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनीं १९८३ सालीं एक ग्रंथ लिहून असें दाखविलें, कीं घरांत यंत्रें आलीं तरी गृहिणीचे तास अपेक्षेप्रमाणें घटले नाहींत. यंत्रानें काम सोपें केलें तशी स्वच्छतेची अपेक्षाहि चढली, आणि पूर्वीं इतरांच्या हातांनीं होणारीं कामें तिच्या एकटीकडे आलीं. आपल्याकडे तेंच पाहा. मातीची जमीन होती तेव्हां ती आठवड्यास सारवीत. फरशी आली, आणि आतां ती रोज पुसली पाहिजे असें झालें. अपेक्षा कोणीं वाढविली, हें कोणासच सांगतां येत नाहीं; पुसणारी मात्र ठरलेली आहे.

शहरांतलीं पुष्कळ दांपत्यें या तंट्यांतून एक वाट काढतात. मोलकरीण ठेवतात आणि भांडण मिटलें म्हणतात. मोलानें काम करवून घेण्यांत पाप नाहीं. पण त्या बाईस योग्य दाम, सुटी आणि आदर मिळाला पाहिजे. शिवाय तीहि संध्याकाळीं आपल्या घरीं जाते आणि तेथेंहि केर वाट पाहत असतो, याचा विसर पडूं नये.

काम कसें वाटावें याचा एक जुना नमुना आपल्याच परंपरेंत आहे. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यांनीं मठवासीयांसाठीं जो नियमग्रंथ लिहिला, त्याचें पस्तिसावें प्रकरण स्वयंपाकघराच्या पाळीचें आहे. बंधूंनीं आठवड्याच्या पाळीनें एकमेकांची सेवा करावी. आजारी किंवा महत्त्वाच्या कामांत गुंतलेला असेल त्यासच सूट. अशक्तांस मदतनीस द्यावे, म्हणजे तें काम त्यांच्या हातून खिन्नतेवांचून होईल. शनिवारीं पाळी संपविणाऱ्यानें साफसफाई करावी, हातपाय पुसण्याचे पंचे धुवावे, आणि पाळी संपविणारा व नवी घेणारा या दोघांनीं मिळून सर्वांचे पाय धुवावे. शेवटीं सर्व भांडीं स्वच्छ आणि धड स्थितींत कोठाराच्या व्यवस्थापकाकडे द्यावीं. त्यानें तीं पुढच्या पाळीवाल्याकडे सोंपवावीं, म्हणजे काय दिलें आणि काय परत आलें हें त्यास कळेल.

या नियमांत शहाणपण कोठें आहे? काम पूर्ण सोंपविलेलें आहे. पाळी ज्याची, त्यानें शेवटचा पंचा धुण्यापर्यंत सर्व करावयाचें. आपल्या घरांत पुरुष "मदत" करतो, म्हणजे भाजी आणतो. पण भाजी संपली हें पाहणें, काय आणावयाचें तें सांगणें, आणलेली निवडणें हें सर्व तिच्याकडेच राहतें. आठवण ठेवणें हेंहि काम आहे आणि तेंच अधिक थकवितें. म्हणून एखादें काम घ्यावयाचें तर तें आठवणीसकट घ्यावें. कपडे तुमचे ठरले, तर साबण संपत आला हें तुम्हींच पाहावें. आणि काम दिलें कीं देणाऱ्यानें मागें उभें राहूं नये. काम संपल्यावर कसें दिसलें पाहिजे, तें आधींच बोलून ठरवावें. केरसुणी हातीं असतांना बोलूं नये. ठरल्याप्रमाणें झालें असेल तर तें पुन्हां करूं नये. दुसऱ्यानें घासलेलें भांडें त्याच्या देखत पुन्हां घासणें, हा शब्दांवांचून केलेला अपमान आहे. आणि मुद्दाम कच्चें घासून "मला जमत नाहीं" म्हणणें, ही शब्दांसकट केलेली लबाडी आहे.

बेथानीच्या घरांतील मार्थेची तक्रार आपण सर्व जाणतों. पाहुण्यांच्या सरबराईंत ती एकटी गुंतली होती आणि बहीण प्रभूच्या पायांशीं बसली होती. मार्था बहिणीस कांहीं बोलली नाहीं. तिनें पाहुण्याकडे तक्रार केली. प्रभूनें तिला प्रेमानें, तिचें नांव दोनदां घेऊन उत्तर दिलें, आणि अनेक गोष्टींची तिची काळजी त्यानें ओळखली. आपल्या घरांतील मार्थेस तेवढें तरी मिळतें काय? आणि आपणहि जोडीदाराचें गाऱ्हाणें शेजारीं, माहेरीं, आईपाशीं नेतों, पण ज्याचें त्याच्यापाशीं नेत नाहीं. तें प्रथम तेथेंच न्यावें, आणि पोट भरलेलें असतांना न्यावें.

शेवटीं मुलांविषयीं एक शब्द. घरांत मुलगी आणि मुलगा असतील तर जेवणानंतर ताटें कोण उचलतें, एवढेंच आज रात्रीं पाहावें. मुलगी उठत असेल आणि मुलगा बसत असेल, तर वीस वर्षांनंतरच्या एका घरांतील भांडणाची पेरणी आपण आजच करीत आहों. त्या घरांत येणाऱ्या सुनेस आपण अजून पाहिलेंहि नाहीं. तरी तिचे रोजचे पांच तास आपण आजच ठरवून टाकतों. मुलास भाकरी थापतां आली नाहीं तरी चालेल, पण स्वतःचें ताट धुणें, अंथरूण काढणें आणि मोरी घासणें एवढें आलेंच पाहिजे, आणि तें आईच्या सांगण्यापेक्षां बापास करतांना पाहून आलेलें अधिक बरें.

महोत्सवासाठीं आपण सर्वांनीं मिळून मंदिर झाडलें, धुतलें, सजविलें. त्यांत पुरुष होते, स्त्रिया होत्या, आणि तेथें कोणी कोणाचा कोपरा काढला नाहीं. तीच रीत घरीं न्यावी, अशी माझी विनंति आहे.